दोन-दोनचा चुडा

मथुराबाई कासारणीच्या हातून चढताना बांगडी वाढली, असं सोलापुरात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. सवाष्णीच्या बांगडीला ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. आणि मथुराबाईसमोर कुणी चुकून ‘फुटली’ म्हणालंच, तर ती अर्धा भरलेला हात तसाच सोडून बांगड्यांचा हारा उचलून चालती व्हायची. नवरा मंगळवार पेठेतल्या दुकानावर बसे, ती हारा डोक्यावर घेऊन घरोघर फिरे. पन्नाशीची, उंच, रुंद हाडाची, जिभेनं तिखट. पण बाईचा हात एकदा तिनं आपल्या गुडघ्यावर घेतला की ती जीभ थांबायची. अंगठ्याचं मूळ चोळायचं, अंगठा तळहाताखाली दुमडायचा, पेरं एकेक मोकळी करायची, आणि हाताच्या धनिणीला कळायच्या आत बांगडी मनगटावर.

बांगडीचं माप इंच-आण्यांत. दोन-सहा म्हणजे दोन इंच सहा आणे, आणा म्हणजे इंचाचा सोळावा भाग. मागचा आकडा जेवढा लहान, तेवढी बांगडी लहान. त्या काळी घट्ट बांगडीची मिजास होती. हात वर केला तरी जागची हलता कामा नये, तरच भरणारी खरी. त्यामुळे बायकाच म्हणायच्या, “मथुराबाई, एक आकडा खालचा चढवा की.” मथुराबाई चढवायची. थोडं दुखायचंच. त्या दुखण्याचं कुणाला काही वाटत नसे, मथुराबाईला तर नाहीच.

सासूनं तिला हा धंदा शिकवताना एक नियम घालून दिला होता. हात बघायचा, घर बघायचं नाही. मनगटावर वळ असो, डाग असो, विचारायचं नाही. ज्या बाया गिऱ्हाइकाच्या घरचं ओठांवर घेऊन बाहेर पडतात, त्यांना पुन्हा त्या घरात कुणी घेत नाही. तीस वर्षं मथुराबाईनं हा नियम पाळला. धंद्याच्या दृष्टीनं तो शहाणपणाचाच होता. एरवी किती शहाणपणाचा, याचा विचार तिनं केला नव्हता. करतो कोण?

एकोणीसशे तीसच्या मार्शल लॉच्या पुढच्या साली, नागपंचमीच्या आधी, तिला बाळी वेशीतून बोलावणं आलं. तिथं ईरप्पाचं लुगड्यांचं दुकान होतं, वर राहतं घर. ईरप्पा तिशीतला, नीटनेटका, कपाळाला विभूती, आवाज लोण्यासारखा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ‘अक्का’ म्हणायचा. पन्नास लुगड्यांच्या घड्या मोडून झाल्या तरी कपाळाला आठी नाही. वेशीतल्या बायका त्याच्यावर खूश होत्या. नुकतीच त्याची बायको नांदायला आली होती. नाव नीलव्वा, सतरा-अठरा वर्षांची, अक्कलकोटच्या वीरभद्रप्पा मास्तरांची मुलगी.

मथुराबाईनं माजघरात हारा उतरवला, तर ईरप्पा दुकान सोडून वर आला आणि बायकोच्या समोर, हाताच्या अंतरावर, मांडी घालून बसला. बांगड्या भरताना पुरुष बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. शेजारच्या गोदावरीबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

“अगंबाई! आमच्याकडं कासारीण आली की ह्यांना बाहेरचं काम आठवतं. नशीब काढलंस हो, नीलव्वा!”

ईरप्पा हसला. “एकच तर बायको आहे, वहिनी. तिच्या बांगड्या मी नाही बघायच्या तर कुणी?” मग मथुराबाईकडे वळला. “माप काय हिचं?”

“दोन-सहा. हात कवळा हाय, पर हाड रुंद हाय.”

“दोन-चार घाला.”

“चढंल की. पर दुखंल पोरीला.”

“दुखल्याशिवाय नटणं कुठं असतं? का मथुराबाईंचं नाव नुसतंच ऐकायचं?”

झालं! एवढंच पुरे होतं. तिच्या कसबाला कुणी डिवचलं की मथुराबाईला पुढचं मागचं दिसत नसे. तिनं दोन-चारची माळ सोडली आणि दोन्ही हातांत आठ-आठ बांगड्या चढवल्या. एकही वाढू दिली नाही. नीलव्वाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण नव्या नवरीच्या डोळ्यांना पाणी यायचंच. ईरप्पानं वर मानानं खण-नारळ दिला, “हाताला जादू आहे तुमच्या,” म्हणाला, आणि मथुराबाई छाती काढून जिना उतरली. घरी नवऱ्याला म्हणाली, “असा जावई मिळायला पुण्याई लागती. बायकोवर जीव टाकतोय नुसता.”

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं त्या घरचं बोलावणं ठरलेलं. बांगड्या वाढलेल्या असायच्या. कशा, ते नीलव्वा सांगत नसे, ईरप्पाच सांगे, “आमची बाई धांदरट आहे हो.” तो समोर बसे. एकदा म्हणाला, साबण नको, वर्ख निघतो. एकदा म्हणाला, सावकाश भरा, घाई काय आहे. मथुराबाईनं ऐकलं. हौशी गिऱ्हाईक आहे, म्हणाली. नीलव्वा आता रडत नसे. तोंड दगडासारखं करून भिंतीकडे बघत बसायची. ‘सरावली’, असं मथुराबाईनं मनाशी म्हटलं. ती पहिल्यांदा रडली नाही त्या दिवशी ईरप्पा मात्र लवकर उठून गेला, आणि पुढच्या खेपेला म्हणाला, “दोन-तीनचं माप निघतं का हो?”

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बाहेर गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, सगळ्या सोलापूरला बांगड्या हव्यात, आणि मथुराबाई सकाळपासून जेवलेली नव्हती. नीलव्वाला दिवस जाऊन चार-पाच महिने झाले होते, हात फुगायला लागला होता. दोन-तीनची पाचवी बांगडी पेरांवर अडली. मथुराबाईनं जोर केला. साबण नव्हता. बांगडी कडकन गेली आणि तिची अणी मथुराबाईच्याच अंगठ्यात रुतली.

तीस वर्षांत पहिल्यांदा. लाजेनं तिचं तोंड काळंठिक्कर पडलं. कुणी बघितलं का, म्हणून तिनं मान वर केली, आणि समोर ईरप्पाचं तोंड दिसलं.

तो पुढे झुकला होता. ओठ किंचित उघडे, डोळे चमकत होते. श्वास रोखून तो मथुराबाईच्या तोंडाकडे बघत होता. अंगठ्यातून रक्त नीलव्वाच्या लुगड्यावर गळत होतं, तिकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं.

“लई आत गेली का?” त्यानं विचारलं. किती हळुवार! पोळीवर तूप अजून वाढू का, असं विचारावं तसं. “दुखतंय ना? ओढू नका लगेच. कसं दुखतं? ठणकतं का?”

नीलव्वानंच उठून हळद आणली, चिंधी बांधली. ईरप्पा जागचा हलला नाही.

मथुराबाई जिना उतरली ती भिंतीला धरून. अंगठ्याचं काही नव्हतं. तिला एकेक खेप आठवत होती. नागपंचमीपासून या माणसानं एकही बांगडी पाहिली नव्हती! रंग त्यानं निवडला, माप त्यानं सांगितलं, पण भरताना त्याची नजर कधी हातावर नव्हतीच. तो बायकोचं तोंड बघायला बसत होता. स्वतः बोटही न लावता बायकोला कळवळताना बघायचं, ही त्याची हौस. आणि ते काम करून द्यायला त्यानं अख्ख्या सोलापुरातला सगळ्यात कसबी हात निवडला होता. तिचा.

खाली ओसरीवर ईरप्पाची म्हातारी आई तपकिरीची डबी शोधत होती. कोनाडे चाचपत होती, पुटपुटत होती. मथुराबाईनं हेही आधी पाहिलं होतं. डबी ईरप्पाच्या मांडीखाली असायची, म्हातारी घरभर फिरायची, आणि तो हसत बसायचा. सगळ्या बायका हसायच्या, मथुराबाईही हसली होती. लेक आईची थट्टा करतो, त्यात काय? आज तिला म्हातारीचे थरथरणारे हात दिसले. तपकिरीवाचून तिचा जीव जात होता आणि डबी मागायची तिची हिंमत नव्हती.

आठवड्यानं, ईरप्पा जेवून दुकानात उतरला असेल अशा वेळी, मथुराबाई मागच्या दारानं गेली. हारा नेला नाही. नीलव्वा भांडी घासत होती. तिला बघून पोरीनं आधी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“आज बांगडी न्हाय,” मथुराबाई म्हणाली. “मला खरं सांग. मारतो का तुला?”

“न्हाई.”

“शिव्या देतो?”

“कधीच न्हाई, मथुराक्का.”

“मग?”

नीलव्वानं जिन्याकडे कान दिला. मग भराभर, राखेच्या हातानं बोलत सुटली. “अप्पांचं पत्र आलंय म्हणतात. वाचून दाखवा म्हटलं की उद्या म्हणतात. आठ दिवस उद्या. मग म्हणतात, पत्र आलंच न्हाई, गंमत केली. गेल्या महिन्यात म्हणाले, तुझे अप्पा उद्याच्या गाडीनं येतायत. मी पहाटे उठून पुरण वाटलं, त्याच्या होळग्या लाटल्या. दिवसभर दारात उभी. हे घडीघडी दुकानातून वर यायचे. होळग्या बघायला न्हाई, मला बघायला. संध्याकाळी म्हणाले, कुणी येणार न्हाई, मी असंच म्हटलं. आणि हसले. आता सांगा, मी अप्पांना काय कळवू? होळग्या वाया गेल्या म्हणू?”

मथुराबाई तिच्याशेजारी उकिडवी बसली.

“रडले की त्यांना बरं वाटतं, म्हणून मी रडायचं सोडलं. तर बांगडी अजून लहान आली.” तिनं पुन्हा जिन्याकडे बघितलं. “बाळंतपणाला माहेरी धाडणार न्हाईत. मलाच जायचं न्हाई म्हणून अप्पांना लिहिलंय त्यांनी. मला कुठं लिहिता येतं? सुईणीला त्यांनी सांगून ठेवलंय, वेणा सुरू झाल्या की हे स्वतः जवळ बसणार. दार लावून. बाहेरचं कुणी नको.”

पहिल्या बाळंतपणाला पोर माहेरी जाते, ही रीत. नवरा बाळंतिणीच्या खोलीत बसतो, हे तर सोलापुरात कुणी ऐकलेलं नव्हतं. बाहेर सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा किती काळजी! हीच तर सगळी गोम होती. त्या माणसाचं प्रत्येक वागणं मायेच्या घडीत घातलेलं होतं. उलगडून दाखवायला हाताशी काहीच नव्हतं.

मथुराबाईनं रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू बांगड्या भर. लोकांच्या घरात नाक खुपसू नको. उद्या त्या वेशीत तुला कोण उभं करंल?” तिनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून अक्कलकोट गाठलं.

वीरभद्रप्पा मास्तर शाळेतून नुकते आले होते. किडकिडीत, चष्मा, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. त्यांनी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

“बाई, एवढ्या लांब तुम्ही हे सांगायला आलात की माझा जावई बायकोजवळ बसतो, थट्टा करतो आणि तिला बांगड्या फार घेतो? अहो, गावात लोक माझा हेवा करतात!”

“मास्तर, मला तुमच्यागत बोलता येत न्हाय. मला हात कळतो. पोरीचा हात माझ्या हातात थरथर कापतोय.”

“लग्न झालेल्या पोरी सुरुवातीला कापतातच. आणि तिलाच इकडं यायचं नाही. तसं पत्र आहे माझ्याकडं.”

“कुणाच्या अक्षरातलं?”

मास्तरांनी चष्मा पुसला. मग जरा चिडून म्हणाले, “तिला लिहिता येत नाही, म्हणून त्यानं लिहिलं.”

“एवढे शाळेचे मास्तर तुमी, अन् पोरीला अक्षर शिकिवलं न्हाय?” मथुराबाई बोलून गेली. मास्तरांचं तोंड पडलं. तिनं ते सोडून दिलं, तिचं काम वेगळं होतं. “माझं ऐकू नका. सातव्या महिन्याची चोळी-बांगडी हाय फाल्गुनात, तवा या. सगळ्या बायका बांगडीकडं बघत्याल. तुमी हाताकडं बघू नका. जावयाच्या तोंडाकडं बघा. एवढंच करा. मग बी मी खुळी वाटले, तर त्या घराची पायरी मी पुन्हा चढणार न्हाय.”

मास्तर येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

ती गाडीत बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण भलतंच कबूल करून बसलो. मास्तरांना दिसायचं तर ईरप्पाचं तोंड खुलायला हवं. आणि ते खुलायचं तर पोरीला दुखायला हवं. सातव्या महिन्यातला, फुगलेला हात. पुन्हा आपणच ते करायचं? सोलापूर येईपर्यंत तिनं त्यावर विचार केला, आणि उतरताना ठरवलं, ते साधंच होतं. या माणसानं आजवर बांगडी बघितलेली नाही. तर उद्याही तो बघणार नाही.

फक्त एक भीती होती. ईरप्पा लुगड्यांचा दुकानदार. नजरेनं वार-दीड वार सांगणारा. एकदा जरी त्याची नजर खाली गेली, तरी संपलं.

चोळी-बांगडीच्या दिवशी माजघर बायकांनी भरलं होतं. बारा-पंधरा जणी, सगळ्या ईरप्पाच्या गिऱ्हाइकिणी. नीलव्वा पाटावर, अंगावर हिरवी चोळी. मास्तर आले होते. खांबाजवळ बसले होते, ईरप्पाच्या समोर, जरा तिरके. मथुराबाईकडे त्यांनी ओळख दाखवली नाही. ईरप्पा पाहुण्यांना पान द्यायला वळला तेवढ्यात मथुराबाईनं हात पुसायच्या निमित्तानं पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

“बांगडी सैल हाय. दुखणार न्हाय. तरी रड. आज खोटं रड.”

नीलव्वानं तिच्याकडे नुसतं बघितलं. समजलं की नाही, कळेना.

ईरप्पा येऊन बसला. नेहमीसारखा, हातभर अंतरावर. “काय मथुराबाई, आज सगळ्यांसमोर परीक्षा! कितीची काढणार?”

“तुमी सांगाल ती.”

“दोन-दोन.”

बायकांत कुजबुज झाली. गोदावरीबाई म्हणाल्या, “अहो, दोन-दोन लहान पोरींना होते! पोटुशीचा हात आहे तो.”

“मथुराबाईंना काय अवघड आहे?” ईरप्पा म्हणाला.

“न्हाय अवघड,” मथुराबाई म्हणाली आणि हिरवी माळ सोडली. ती होती दोन-दहाची. तिनं एकेक बांगडी मुठीत झाकून उचलली. पहिली बांगडी पेरांवर आली. ती तशीच ओघळून खाली गेली असती, पण मथुराबाईनं बोटांनी अडवून धरली आणि दात-ओठ खाऊन जोर करत असल्याचं सोंग केलं. तीस वर्षं ती दुखणं लपवून बांगडी चढवत आली होती. उलटं सोंग पहिल्यांदाच करत होती.

नीलव्वाचं तोंड दगडाचं.

दुसरी. तिसरी. पोर भिंतीकडे बघतेय. मथुराबाईच्या कपाळावर खरोखरच घाम फुटला. मान वर करायची सोय नव्हती, मास्तर कुठे बघतायत हे तिला दिसत नव्हतं. रड गं बाई! चौथीला तिनं नीलव्वाचा तळहात अंगठ्यानं हळूच चोळला, आईनं चोळावा तसा. आठ महिन्यांत त्या हाताला असा कुणी हात लावला नसेल. पाचवी चढताना नीलव्वाच्या घशातून बारीक आवाज आला. “अय्यो,” ती म्हणाली. सोंगाचाच होता तो. पण मग तोंड वाकडं झालं, खालचा ओठ लोंबला, आणि खोटं रडायला बसलेल्या त्या पोरीला खरंखुरं रडू फुटलं. हमसाहमशी. साठवलेलं सगळं एकदम.

मथुराबाई सहावी चढवत होती. सातवी. समोरून ईरप्पाचा श्वास तिला ऐकू येत होता.

“हं,” तो म्हणाला, अगदी हळू. “सावकाश. सावकाश घ्या.”

तेवढ्यात गोदावरीबाईंना राहवलं नाही. “अगं, पण ह्या तर कोपरापर्यंत घसरतायत! सैल बांगडीला रडतेस काय, वेडी?”

बायका हसल्या. ईरप्पानं पहिल्यांदाच, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, बायकोच्या हाताकडे बघितलं. मनगटावर हिरव्या बांगड्या घरंगळत होत्या. लहान मूलदेखील सांगू शकलं असतं की या दोन-दोनच्या नाहीत. ते चकाकलेलं तोंड एका क्षणात मालवलं, आणि त्यानं मथुराबाईकडे बघितलं. त्या नजरेत कुठलाही मऊपणा नव्हता.

मथुराबाईनं मान वर केली, ती खांबाकडे. मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला होता. ते बांगड्यांकडे बघत नव्हते. केव्हापासून बघत नव्हते, कोण जाणे.

“साकु,” ते म्हणाले. पुरे. “नीलव्वा, ऊठ. कपडे बांध. संध्याकाळच्या गाडीनं जाऊ.”

ईरप्पा सावरला होता. पुन्हा तोच लोण्याचा आवाज. “मामा, तिलाच जायचं नाही. विचारा की तिला. नीलव्वा, सांग तुझ्या अप्पांना.”

सगळ्यांच्या नजरा पोरीवर. ईरप्पाची सुद्धा, तोंडावर रोखलेली. तिच्या हातातल्या सैल बांगड्या किणकिणत होत्या.

“अप्पा, मला न्या,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “मला न्या.”

“बघा, सातवा महिना. बायकांचं मन असं हळवं—”

“ईरप्पा,” मास्तर म्हणाले, “तीस वर्षं मी शाळेत पोरं बघतोय. एका पोराला छडी बसत असली की बाकीची खाली माना घालतात. शंभरात एखादं असं निघतं, जे मागच्या बाकावरून उठून पुढं येऊन बसतं. नीट दिसावं म्हणून. त्या पोराचं तोंड मी विसरत नाही. आज इथं पुन्हा बघितलं.”

कुणाला समजलं, कुणाला नाही. पण कोपऱ्यातून म्हातारीचा आवाज आला, आणि तो सगळ्यांना समजला. “पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. रीत हाय. जा गं पोरी.” लेकाकडे न बघता ती बोलली.

पंधरा गिऱ्हाइकिणी बघत होत्या. ईरप्पाकडे चांगुलपणा सोडून दुसरं भांडवलच नव्हतं, आणि चांगल्या माणसाला या घडीला एकच उत्तर देता येत होतं. “न्या की मामा,” तो हसून म्हणाला. “मी कुठं नको म्हणतो?” पान देण्याच्या निमित्तानं तो मथुराबाईजवळ वाकला. “तुमचं नाव मोठं आहे, मथुराबाई. मी सगळ्यांना सांगेन.”

आणि त्यानं सांगितलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला, हळहळत सांगितलं, की बिचारी मथुराबाई आता थकली. दोन-दोन म्हणून दोन-दहा हातात घालते, डोळे गेले वाटतं. बाळी वेस बंद झाली, मग शुक्रवार पेठेतली निम्मी घरं. गोदावरीबाईंनीसुद्धा दुसरी कासारीण धरली. एवढं डोळ्यांदेखत घडून त्यांना काही दिसलं नाही, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मथुराबाईला तरी किती महिने लागले होते? नवरा महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. ती हारा घेऊन दूरच्या पेठांत जाऊ लागली. नव्या घरात बसली की आता हात धरण्याआधी आजूबाजूच्यांची तोंडं बघून घ्यायची, आणि एखाद्या सासूनं ‘लहान घाला’ म्हटलं तर सरळ सांगायची, “तुमच्या हातात घालून दावते, या!”

जेठात नीलव्वाला मुलगी झाली. ईरप्पा तीनदा अक्कलकोटला आला, पेढे घेऊन, बाळलेणं घेऊन. मास्तरांनी तिन्ही वेळा त्याला ओसरीवर बसवून चहा दिला. नीलव्वा बाहेर आली नाही. गाव बोलायचं ते बोललं. मास्तरांनी लेकीच्या हातात पाटी दिली आणि स्वतः समोर बसले, इतक्या वर्षांची चूक भरून काढायला.

बाळंतिणीच्या हातात बांगड्या भरायच्या, म्हणून मास्तरांच्या बायकोनं मथुराबाईला बोलावणं धाडलं. मथुराबाईनं सगळ्यात चांगली हिरवी माळ काढली, अगदी मापाची, आणि पहिल्या गाडीनं गेली. नीलव्वा अंगानं भरली होती, मांडीवर पोर होती. मथुराबाईला बघून ती हसली. मथुराबाईनं समोर बैठक मारली, गुडघ्यावर फडकं पसरलं आणि तिच्या हातासाठी आपला हात पुढे केला.

नीलव्वानं हात मागे घेतला.

“मथुराक्का,” ती म्हणाली, “तुम्ही मला सोडवलंत. मी पोरीला तुमचं नाव सांगेन. पण तुमच्या हातानं नको. तुमचा हात लागला की मला ते घर आठवतं.”

आई खजील झाली, “अगं, असं काय बोलतेस!” म्हणून रागावली. मथुराबाईनं तिला थांबवलं.

“खरं बोलली ती. दुखिवलं मीच की. त्यो नुसता बसला हुता.”

तिनं माळ आईच्या हातात दिली. अंगठ्याचं मूळ कुठं दाबायचं, ओढायचं कसं नाही, हे दुरूनच सांगितलं आणि उंबऱ्याशी जाऊन बसली. आईचा हात अडाणी. मथुराबाईनं दोन पळांत केलं असतं ते काम अर्धा तास चाललं. तेवढा वेळ ती दोन्ही हात पदराखाली घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली.